फिरोजमियाँचा सौदा

१५ डिसेंबर, रविवार

आज काय बोलले: काही नाही.

रूपाली मॅडम म्हणाल्या, रोज एवढंच लिहीत चला, पेशंट काय बोलला. त्या दवाखान्यात वाचा-उपचार करतात, वयानं माझ्या लेकीएवढ्या, साजियाएवढ्या असतील. पण आख्ख्या पानावर एक ओळ लिहून वही मिटणं मला जमायचं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवली, मुलांना दटावलं की पान भरा. तेव्हा उरलेलं पान माझं. घरात आम्ही उर्दू बोलतो, पण लिहायला बसले की हात मराठीतच चालतो. त्याला आता इलाज नाही.

तर हकीकत अशी. दिवाळीनंतरच्या बाजारातून आमचे हे, इब्राहीम, घरी आले, पायातले जोडे काढायला वाकले आणि उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं. पाय हळूहळू येतोय, हात आला नाही, आणि जीभ तर गेलीच. डॉक्टर म्हणतात, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. हा माणूस बैलबाजारातला दलाल. देवणी असो की लाल कंधारी, लांबून चाल बघून जनावराचं वय सांगणारा. बाजारात तोंडानं हवापाण्याच्या गप्पा चालायच्या आणि खरा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात झाकलेले, काय ते बोटांनी ठरायचं. ते बघायला बायका तिथं जात नाहीत, आणि मला कधी गरजही वाटली नाही. घरातले सौदे मी तोंडानंच करते.

माझ्या हाताखाली आलेलं मूल बोललं नाही असं कधी झालं नाही. तोतरी, लाजरी, मुखदुर्बळ, सगळी बोलली. माझी रीत सोपी आहे. पहिलं अक्षर बाईनं द्यायचं, पुढचं पोरानं. आपण "पा…" म्हणायचं, "…णी" त्याच्या तोंडून आपोआप येतं. इब्राहीम म्हणजे तरी काय, मोठं मूल. येत्या ईदला सगळ्यांना सलाम करतील, लिहून ठेवते.

१८ डिसेंबर, बुधवार

काय बोलले: काही नाही.

सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, असा वर्ग घेते. त्यांचा पलंग खिडकीशी लावलाय. भिंतीपलीकडे माझी शिकवणीची खोली. शेजारपाजारची मुलं तिथं यायची, त्यांना सध्या सुट्टी दिली आहे. जूनपासून परत सुरू करणार. फळा मी स्वतः त्याच भिंतीवर रंगवलाय, तसा काळा फळा अख्ख्या जुन्या जालन्यात सापडायचा नाही.

एक नवीन खोड लागली आहे. मी त्यांचा डावा हात हातात घेऊन "पा…" म्हणते, तर हे खांद्यावरचा टॉवेल ओढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकतात. पांगळेपणाची लाज वाटत असणार. मी म्हटलं, अजी, माझ्यापुढं कसली लाज? आणि टॉवेल काढून घेतला. मळलाही होता, भिजत घातला. मग माझ्या तळहातावर बोट आडवं फिरवायला लागले, इकडून तिकडं, पुन्हा पुन्हा. खाज सुटली असेल म्हणून खोबरेल तेल आणून बोटं छान चोळून दिली. त्यांनी डोळे मिटून घेतले. बरं वाटलं असावं.

रूपाली मॅडम आज घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, प्रश्न तुम्हीच विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. जरा थांबत जा ना." मी म्हटलं, "बेटा, मी थांबले असते तर माझी निम्मी मुलं अजून पहिलीतच असती."

२२ डिसेंबर, रविवार

काय बोलले: काही नाही. पण लक्ष कुठं होतं ते सांगते.

सकाळच्या वर्गात हे माझ्याकडे बघेचनात. खिडकीतून बाहेर नजर. मी वळून पाहिलं तर अंगणातल्या शेवग्याच्या शेंड्यावर, वाळक्या काडीवर, एक पाखरू बसलेलं. चिमणीपेक्षा थोडंसं मोठं आणि रंग असा की मी "पा…" म्हणायचं विसरले. निळा म्हणावा तर हिरवट, हिरवा म्हणावा तर निळा. मग माझी नजर यांच्या अंगठीवर गेली. उजवा हात सुजला तेव्हा ती अंगठी मी डाव्या हातात घातली होती. तिच्यातला फिरोजा खडा आणि ते पाखरू, रंगात तसूभर फरक नाही. डोळ्यापाशी फक्त काळा ठिपका, सुरमा फिसकटल्यासारखा.

शेवगा फुलावर आहे, माश्या घोंगावत असतात. हे महाशय शेंड्यावरून सूर मारायचे, हवेतच माशी टिपायचे आणि परत त्याच काडीवर. मी त्याचं नाव फिरोजमियाँ ठेवलं. इब्राहीम माझ्याकडे बघून हसले असं वाटलं. तोंड वाकडं झाल्यामुळं नीट कळत नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

काय बोलले: काही नाही.

नागसेन सरांना फोन केला. आमच्याच शाळेत विज्ञान शिकवतात, सुट्टीत गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्याकाठी फिरतात. आले, बघितलं आणि लहान मुलासारखे नाचायचेच बाकी राहिले. इंग्रजी नाव सांगितलं, ते काही माझ्या लक्षात राहिलं नाही.

"मॅडम, हा हिमालयाच्या जंगलातला माशीमार. थंडीत तिकडं किडे मिळत नाहीत म्हणून खाली उतरतो. आपल्याकडं सहसा दिसत न्हाई. नशीब काढलं तुम्ही!"

मी म्हटलं, "गातो का? म्हणजे यांना ऐकून हुरूप येईल."

"गातो ना, फार गोड गातो. पण तिकडं, त्याच्या डोंगरात. इथं आल्यावर बहुतेक गप्पच असतो."

"म्हणजे आमच्या घरात दोघं झाले," मी म्हटलं. नागसेन सर कसनुसं हसले. जाताना पलंगापाशी वाकून यांना म्हणाले, "बाबा, मार्च संपत आला की उडंल बघा. तवरोक राहील." इब्राहीमनी मान हलवली. माझ्या प्रश्नांना इतक्या दिवसांत एकदाही हलवली नव्हती.

३० डिसेंबर, सोमवार

इब्राहीम आज पडले. संडास अंगणाच्या पार टोकाला, मधे पायरी. मी धरलं होतं, तरी तोल गेला. कपाळाला टेंगूळ आलं. मोडलं काही नाही, अल्लाहचा शुक्र. पण मी घाबरले, हे खरं. रात्रभर तोच विचार. खोलीला लागून संडास-न्हाणी बांधायची, सपाट, दांडी लावलेली. उद्याच कारभारीला बोलावते.

काय बोलले, ते लिहायचं राहिलं: काही नाही.

२ जानेवारी, गुरुवार

कारभारी येऊन गेला. गवंडी आहे, माझा विद्यार्थी. पहिलीत असताना तोंडातून ब्र काढायचा नाही, मी त्याला बोलतं केलं. आता त्याचं तोंड बंद करायला लागतं.

त्यानं मोजमाप घेतलं. म्हणाला, "बाई, हिकडं अंगणात काढू, मालकाच्या खोलीला लागून. शेवगा मात्र तोडावा लागंल. झाड ठिवायचं आसंल तर मंग तुमची शिकवणीची खोली अर्धी फोडू, तिकडून दार पाडू."

"वर्गाला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "शेवगा काय, फांदी रोवली की वर्षात पुन्हा वर येतो."

"मंग संक्रांतीनंतर येतो. तवा उरकू, न्हाईतर म्होरं दोन म्हैने मला घरकुलाच्या कामातून सवड न्हाई."

आम्ही हे बोलत होतो पलंगापाशीच. इब्राहीमनी माझा हात ओढला, चादर वर घेतली आणि तळहातावर आडवं बोट. पुन्हा खाज. मी हात सोडवला, तर पुन्हा धरला आणि माझी दोन बोटं एकत्र धरून दाबली. जोरात. पुन्हा दाबली. दोन! मला केवढा आनंद झाला. म्हणजे भूक लागली, भाकरी मागतात. दोन भाकरी टाकल्या, मेथी परतली. एक घास खाल्ला आणि ताट लोटून दिलं. आजारी माणसाच्या लहरी, दुसरं काय.

जाताना कारभारी म्हणाला, "बाई, तुमी समद्यांला सांगता कारभारीला मीच बोलाया शिकवलं. पण मी बोलाया लागलो ते तुमी साजियाच्या टायमाला रजेवर गेल्त्या तवा." काहीतरीच! त्या वयातलं मुलांना कुठं आठवतं?

९ जानेवारी, गुरुवार

एक गोष्ट लक्षात आली आहे आणि मला ती आवडलेली नाही. मी स्वयंपाकघरात असते तेव्हा त्यांच्या खोलीतून आवाज येतात. शब्द नाहीत, पण घशातून काहीतरी, चढउताराचं, बैलाला चुचकारल्यासारखं. मी हातातलं टाकून धावत जाते, "हां, बोलो, बोलो!" म्हणते, की बंद. खिडकीत फिरोजमियाँ, पलंगावर हे, दोघंही चूप. मुद्दाम करतात की काय असं वाटलं. रागानं दुपारचा वर्ग दीड तास घेतला.

रूपाली मॅडमना फोनवर सांगितलं.  त्या म्हणाल्या, "छान आहे की, आवाज येतोय." मी म्हटलं, माझ्यामुळंच येतोय.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. आजूबाजूच्या गच्च्यांवर पोरांचा धुडगूस, पतंग, मांजा. फिरोजमियाँ दिवसभर दिसला नाही. इब्राहीम जेवले नाहीत. आजही सकाळी शेंडा रिकामा होता. मी यांना समजावलं की पाखरू ते पाखरूच, नसेल आवडली आपली गल्ली. तर हे माझ्याकडे पाठ करून झोपले. चाळीस वर्षांच्या संसारात मला पाठ कधी दाखवली नव्हती.

दुपारी आला. कपड्यांच्या दोरीवर बसला, मग शेंड्यावर गेला. मीसुद्धा हुश्श केलं, हे कबूल करायला हरकत नाही.

कारभारी सोमवारी येतो म्हणालाय. शेवगा गेल्यावर फिरोजमियाँ बसेल कुठं? बसेल कुठंतरी. जगात झाडं काय कमी आहेत? पण हा प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

सर्जेराव आले. अंबडकडचे, बाजारात इब्राहीमचे जन्माचे जोडीदार. एक विकणाऱ्याच्या बाजूनं, एक घेणाऱ्याच्या, दिवसभर भांडायचे आणि संध्याकाळी एका बशीत चहा प्यायचे. आजारपणात पहिल्यांदाच आले. दारातच म्हणाले, "वहिनी, माझं मनच धजना गेल्तं. त्याला मुका बघायचा म्हंजी…" आणि उपरण्यानं डोळे पुसले.

मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तर सर्जेराव पलंगाच्या कडेला बसलेले, यंदा थंडी काय पडली, हरभरा कसा आहे, हेच चाललेलं. आणि दोघांच्या हातांवर उपरणं. उपरण्याखाली काहीतरी हलत होतं. इब्राहीमचे डोळे चमकत होते. सर्जेराव थंडीबद्दल बोलता बोलता थांबले, आणि इब्राहीम हसले. आवाज करून, खांदे गदगदा हलवून हसले. 

"लबाड हाय आजून!" सर्जेराव म्हणाले. "म्या नवा खिल्लार घेतला, त्याची किंमत सांगितली तर म्हणतो तुला फसवलं. वहिनी, ह्यो बोलून राह्यलाय की! डाव्या हातानं बोलतोय म्हणून वाईच तोतरा हाय, बाकी बिलकुल पैल्यासारखा."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. विचारलं, "तळहातावर बोट आडवं फिरवलं तर?"

"सौदा मोडला. मला मान्य न्हाई."

"आणि दोन बोटं धरून दाबली तर?"

"दोन."

"दोन काय?"

"आता काय ते रुमालाखाली कुणी सांगत न्हाई वहिनी. दोघांलाबी ठावं आसतं सौदा कशाचा हाय ते. तुमचा कशाचा चाललाय?"

मी खिडकीकडे पाहिलं. शेवगा, शेंडा, फिरोजमियाँ. कारभारी म्हणाला होता, दोन महिने सवड नाही. नागसेन सर म्हणाले होते, मार्चपर्यंत राहील. हा माणूस तेव्हापासून मला सांगत होता, दोन महिने थांब. आणि मी भाकरी थापल्या. खोबरेल लावलं. त्याचा टॉवेल, त्याच्या बोलण्यावरचं पांघरूण, मी साबणात भिजत घातलं. या वहीची मागची पानं उलटायची मला हिंमत नाही. काय लिहिलंय ते पाठ आहे.

सर्जेरावांच्या देखत रडले. ते बिचारे बावरून म्हणाले, "आवो, बायकांला ही भाषा कुठं ठावं आसती? तुमची काय चूक?" पण मी बाईमाणूस आहे म्हणून चुकले नाही. ज्याला बोलता येत नाही असं मी ठरवलं होतं, त्याचं ऐकून घ्यायचं असतं हे मला सुचलंच नाही.

त्यांना जाऊ दिलं नाही. जेवू घातलं आणि सगळी बोटं शिकून घेतली. एक, दोन, पंजा म्हणजे पाच, बोट मुडपलं तर अर्धं, आडवं बोट म्हणजे मोडला, अंगठ्यावर अंगठा दाबला की पक्का. पक्क्या झालेल्या सौद्यातून कोणी मागं फिरत नाही. फिरला तर पुढं बाजारात त्याच्यासमोर कोणी रुमाल धरत नाही.

२० जानेवारी, सोमवार

कारभारी कुऱ्हाड आणि एक गडी घेऊन आला. मी त्याला ओट्यावर बसवलं, म्हटलं थांब, मालकाशी बोलायचंय. तो माझ्याकडे बघतच राहिला.

धुतलेला टॉवेल आणला. इब्राहीमच्या खांद्यावर टाकला. त्यांनी आधी टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सावकाश तो आमच्या हातांवर ओढला. मी तोंडानं म्हटलं, "यंदा थंडी फार आहे, नाही का," आणि खाली त्यांचं एक बोट धरलं. एक महिना. आडवं बोट, ताबडतोब. एक आणि मुडपलेलं अर्धं. आडवं बोट. हा माणूस बाजारात काय करत असेल ते आज कळलं. मग मी दोन बोटं धरली आणि त्यांनी अंगठा दाबला. इतका जोरात की अंगठीचा खडा माझ्या बोटात रुतला. हात सोडेचनात. मीही सोडवला नाही.

कारभारी म्हणाला, "बाई, मंग मार्चातच जमंल मला." म्हटलं, मार्चात ये. तोवर दवाखान्यातून भोकाची खुर्ची आणली आहे, ती खोलीतच ठेवायची. साफ करणं माझ्याकडे. तान्ही असताना साजियाचं केलंच की सगळं, त्यात काय.

साजियाचा फोन आला. "अम्मी, एका पाखरासाठी अब्बांची सोय पुढं ढकलली? पुन्हा पडले तर?"  भीती मलाही वाटते. पण सौदा पक्का झालाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काय बोलले: काही नाही. काय ठरलं: अंगणात चार फेऱ्या (मी पंजा धरला, त्यांनी तीन म्हटलं, मी मोडला, चारवर पक्का). डाळीत मीठ: मोडला. सर्जेरावांकडून बाजाराची खबर मागवायची: पक्का.

लबाडी करतात. चौथी फेरी अर्ध्यातून सोडतात आणि मुडपलेलं बोट दाखवतात. माझे वर्ग आता छोटे झालेत. रूपाली मॅडम खूश आहेत. बऱ्याचदा आम्ही दोघं नुसतेच खिडकीशी बसतो. सुरुवातीला मला फार जड गेलं. माझ्या तोंडाला सवय नाही. जिभेवर शब्द येतात, गिळावे लागतात. पण बसून बसून मला काय काय दिसायला लागलं. फिरोजमियाँ माशी गिळल्यावर चोच काडीला पुसतो, दोन्ही बाजूंनी, सुरीला धार लावावी तशी. हे यांना कधीच ठाऊक होतं, कारण तो पुसायला लागला की यांचं बोट माझ्या हातात आधीच हलायचं.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. इब्राहीमना यंदा रोजे नाहीत, औषधं आहेत. त्याचं त्यांना वाईट वाटतं. संध्याकाळी मी त्यांच्या पलंगाशी दस्तरखान अंथरून इफ्तारी मांडली. खजूर माझ्या तोंडाशी त्यांनी डाव्या हातानं धरला. अजान होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

एक खरं लिहू? मी म्हटलं होतं ईदला सलाम करतील. ईद महिन्यावर आली. एक शब्द नाही. मला वाटायचं मी हरणार नाही. आता वाटतं, न बोलले तरी चालेल. पण हे मी खरंच म्हणते की थकून म्हणते, ते मला ठरवता येत नाही.

१६ मार्च, रविवार

ऊन तापायला लागलंय. शेवग्याला शेंगा लोंबतायत. दुपारी जोहरची नमाज पढून मी खिडकीशी बसले होते, उपासानं बोलायचं त्राणच नव्हतं. इब्राहीमनी माझा हात दाबला. एक बोट, म्हणजे थांब, असं आमचं आता आहे. मी थांबले.

आणि वरून आवाज आला. अगदी बारीक, आधी मला वाटलं शेजारचा नळ. मग तो चढला, घरंगळत खाली आला, परत चढला. फिरोजमियाँचा गळा हलत होता. थोडंच गायला, पाठ विसरलेल्या मुलासारखं अर्ध्यात थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी जर काही बोलत असते तर ऐकू आलं नसतं, इतका बारीक आवाज. इब्राहीम माझ्याकडे बघत होते, मला ऐकू आलं की नाही ते.

नागसेन सरांना फोन केला. म्हणाले, "निघायच्या आधी असं करतात कधीकधी. गळा तपासून राह्यलाय. आता आठ-पंधरा दिवसांत जाईल." म्हणजे गुरुवारी मुदत संपते तेव्हा फिरोजमियाँ इथंच असणार. इफ्तारला खजूर हातात धरून मी शेंड्याकडेच बघत बसले.

२० मार्च, गुरुवार

सकाळी कारभारी आला. तोच गडी, तीच कुऱ्हाड. फिरोजमियाँ शेंड्यावर होता आणि गात होता, कालपेक्षा लांब.

मला वाटलं इब्राहीम पुन्हा बोलणी काढतील, आठ दिवस मागतील. मी देणारच होते. पण त्यांनी टॉवेल स्वतः ओढला, माझा हात घेतला, दोन बोटं धरली आणि अंगठा दाबला. दोन म्हटले होते, दोन झाले. पक्का सौदा. आणि खिडकीकडून मान फिरवून भिंतीकडे केली, म्हणजे बघायला नको.

हा माणूस चाळीस वर्षं बाजारात कशावर टिकला ते मला त्या क्षणी कळलं. बाहेर कारभारीनं कुऱ्हाड उचलली होती. मी टॉवेलाखाली इब्राहीमचा तळहात उलटा केला आणि त्यावर बोट आडवं फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यांनी मान वळवली. पक्का झालेला सौदा मोडणारं माणूस त्यांनी एवढ्या जवळून कधी पाहिलं नसावं.

"कारभारी," मी हाक मारली, "कुऱ्हाड ठेव, हातोडा घे. शिकवणीची खोली फोड."

"बाई, आन् त्यो फळा?"

"फळाही."

"आन् जूनला पोरं कुठं बसवणार?"

"शेवग्याखाली."

त्यानं कुऱ्हाड ओट्यावर ठेवली. बोलक्या कारभारीला मी दुसऱ्यांदा गप्प केलं, पहिल्यांदा केलं होतं ते पहिलीत. पहिला घाव पडला. भिंतीला भगदाड पडलं, पलीकडे काळ्या रंगाची ढलपी दिसली, तिच्यावर खडूनं लिहिलेलं कुठलंतरी अर्धं अक्षर होतं. फिरोजमियाँ आवाजानं उडाला, विजेच्या तारेवर बसला, थोडा वेळ इकडंतिकडं मान केली आणि परत शेंड्यावर आला.

तेवढ्यात इब्राहीमचे ओठ हलले.

"म…"

मी वाकले. म. माझ्या जिभेवर लगेच शब्दांची रांग लागली. मेथी, मिर्ची, मस्जिद, मुन्नी, मत. कोणताही दिला असता तर त्यांनी मान हलवून घेतला असता, मला खूश करायला. मी हात वर करून कारभारीला हातोडा थांबवायला सांगितलं आणि दात आवळून बसले. टॉवेलाखाली त्यांचा हात घामानं भिजला होता. कपाळावरची शीर उभी राहिली. "म… म…" मग बराच वेळ काही नाही. एकदा तर डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. मला वाटलं, गेलं. तरी मी बोलले नाही.

"म… हंगा," इब्राहीम म्हणाले. मग भिंतीकडे, त्या फुटलेल्या फळ्याकडे मान केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा, आता सरळ, बाजारातल्यासारखं: "महंगा."

मला महाग पडला म्हणे सौदा. मी त्यांच्या अंगठ्यावर अंगठा दाबला, खडा रुतेपर्यंत.

रूपाली मॅडमसाठी लिहून ठेवते. आज काय बोलले: महंगा. मी काय बोलले: काही नाही.